तांदळातली डिस्क

भूत-भानामतीचा विषय निघाला की मी उठून चहा प्यायला जातो. आई मला नास्तिक म्हणते, बायको नुसतंच चिडका म्हणते. पोटापाण्यासाठी मी कर्नेलवर काम करतो — म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तो गाभा, जो मशीनला काय-काय जोडलंय ते ओळखतो. डिस्क लावली की आत तिची नोंद येते, काढली की जाते. यात श्रद्धेचा प्रश्न येतोच कुठे... असं वाटायचं.

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, धाकटी बहीण माधुरी आणि जावई शैलेशराव खाप्याहून आमच्या हुडकेश्वरच्या घरी आले. शैलेशराव लग्नाचे फोटो काढतात. लग्नसराईत फोटो एका डिस्कवर ओतायचे, कार्ड पुसायचं आणि पुढच्या लग्नाला पळायचं! ती एकुलती एक डिस्क ठेवली कूलरवर. पाणी भरताना पडली टाकीत.

"दुसरी कॉपी काहून नाही केली हो?" मी ओरडलोच.

"टाइमच नाही भेटला, दादा. पारशिवनीचं लग्न आहे त्यात. पोरीचे बाबा बिदाईनंतर आठवड्यातच गेले. ती रोज फोन करून राहिली, बाबांचे फोटो द्या म्हणून. काय सांगू तिले?"

 मी डिस्क टेबलामागच्या फळीवर ठेवून वायरने लॅपटॉपला लावली, कर्नेलला विचारलं — काही नाही. वायर बदलली, पोर्ट बदललं. ढिम्म! "गेली," म्हटलं, आणि ऑफिसचा फोन आला म्हणून वरच्या खोलीत गेलो.

परत आलो तर माधुरी स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. मी सवयीने पुन्हा कमांड मारली... आणि डिस्क समोर! साइज बरोबर, सिरियल नंबरही मघाशी स्टिकरवर वाचलेला तोच.

"शैलेशराव, या इकडे!"

फोल्डर उघडले. हळद, मांडव, बिदाई, बाबा... सगळं लॅपटॉपवर कॉपी केलं. शेवटची फाइल उतरली तेव्हा शैलेशराव माझ्या गळ्यात पडून रडले. मला असले प्रकार आवडत नाहीत, पण खरं सांगतो, मीही रडलो. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग डिस्क काढायला टेबलामागे हात घातला. वायर हातात आली — मोकळी.

"डिस्क कोणी काढली?"

"मीच," माधुरी आतून म्हणाली. "तू फोनवर गेला तेव्हाच. तू गेली म्हणला नं, मंग तांदळाच्या डब्यात टाकली. मोबाइल भिजला की टाकतो तशी. काहून गा?"

मी डब्यात हात घातला. तिथेच होती, पार तळाशी.

अहो, हे माझं रोजचं काम आहे! जुनी नोंद चुकून राहिली म्हणावं, तर आधी नोंदच आली नव्हती. आणि राहिली जरी, तरी फोटो कुठून वाचले गेले? लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत, डिस्क जोडल्याची ओळ आहे, तीही माझ्या फोननंतरची. नंतर ती डिस्क कितीदा लावून पाहिली, पुन्हा कधीच दिसली नाही. ऑफिसातला मित्र म्हणाला, "ऊन लागलं तुले." लागलं असेल बुवा.

ती पारशिवनीची मुलगी आईला घेऊन फोटो न्यायला आली, तेव्हा मी खाप्यालाच होतो. बिदाईच्या फोटोत तिने बाबांच्या गालावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "डिस्क तं खराब झाली होती म्हणे नं? मंग हे कुठून आणले?"

शैलेशरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"मले नाही मालूम, बेटा," मी म्हटलं. "पण सगळे आहेत. एकही गेला नाही."