खारीज केलेली पाच नावं

गणपत मास्तर गेल्याचं मला बीबी गावच्या बाजारात कळलं. बांगड्या मांडता मांडता कासार म्हणाला, “तुमचे मोठे मास्तर गेले नं हो परवा. तुमाले नाही कळलं?” माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. सांगायचं राहून गेलं, एवढंच आलं...

वीस वर्षांपूर्वी लोणारजवळच्या एका खेड्यात, लोकल बोर्डाच्या शाळेत ते हेडमास्तर होते आणि मी नवा मदतनीस शिक्षक. शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते. निकाल पडला तर माझी नेमणूक कायम होणार नव्हती. कच्च्या मुलांची नावं आधीच पटावरून खारीज करायची, ही रीत मी आधीच्या शाळेत नोकरी करताना शिकलो होतो. मास्तर लग्नासाठी देऊळगाव राजाला गेले, तेव्हा मी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं आणि पाच नावांवर तांबडी रेघ मारली. तीन महारवाड्यातली, दोन पिंजाऱ्यांची. पाटलाचा मुलगा त्या पाचांहून कच्चा होता. त्याचं नाव मी ओलांडून गेलो.

निकाल उत्तम लागला, शेराही चांगला मिळाला. मग मास्तरांनी रजिस्टर पाहिलं.

“हे काऊन केलं?”

“कच्चे होते, मास्तर.”

“अन् पाटलाचं पोट्टं पंडित हाय काय बाप्पा?”

त्यांनी वर कळवलं नाही. मला सोबत घेऊन घरोघर गेले. चार मुलं परत आली. रहमान पिंजाऱ्याच्या दारात मात्र मी बाहेर बैलगाडीच्या आड थांबलो. आतून त्याच्या बापाचा आवाज आला, “तुमीच काढलं, मास्तर. आता कशाले बलावता?” मास्तर म्हणाले, “हो. चुकलं माह्यं.” मी गाडीमागून हललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीपटाच्या शेवटी रहमानचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. वर्ष संपेपर्यंत रोज ते नाव पुकारत, थोडं थांबत, आणि गैरहजेरी मांडत. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दहाव्याला त्यांच्या घरी गेलो, तर कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टेकवून रहमान ओसरीवर बसलेला. म्हणाला, “मास्तरनं मले शाळेतून काढलं होतं गुर्जी, पण मानूस लई भला.” मी मान हलवली... तेवढीच. हा लेख त्याला वाचता येणार नाही, हे ठाऊक असल्यामुळेच कदाचित मला लिहिता येतो आहे.

आता मीही हेडमास्तर आहे. सकाळी शेवटचं नाव घेऊन झालं की आपोआप थांबतो. पुढच्या रांगेतलं कोणीतरी विचारतं, “गुर्जी, अजून कोनाचं राह्यलं?”

मी हजेरीपट मिटतो.