हेस्टर कोल्बर्नचा निवाडा

हेस्टर कोल्बर्न खाटीक होती. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात बार्लोज गोर म्हणून तीनशे उंबऱ्यांचं गाव आहे, तिथली. दुकान नव्हतं तिचं. मागे कप्पी आणि आकडे लावलेली गाडी घेऊन ती लोकांच्या अंगणात जायची आणि डुक्कर असो, मेंढी असो, दुपारपर्यंत सोलून, फोडून, कागदात गुंडाळून द्यायची. वय अठ्ठावन्न. मनगटं लोहारासारखी. नवरा मॉरिस लाकूडतोड्या होता; तोडताना बीच जातीच्या एका झाडाने उलटा पलटा खाल्ला आणि ते त्याच्या छातीवरच बसलं. झाड बाजूला करायला हेस्टरच गेली होती. त्यानंतर ती फारशी कशाला भ्याली नाही.

सरकारशी तिचं वाकडं आलं ते एका तपासनिसामुळे. त्याने कागदावर शिक्का नाही म्हणून तिच्या शेडमधल्या सबंध हंगामाच्या सॉसेजवर ब्लीच ओतलं. हेस्टरने त्याला कॉलर धरून बाहेर काढला आणि बर्फात तोंडावर पाडला. दंड झाला. त्या हिवाळ्यात तिने देशाची राज्यघटना पहिल्यांदा ओळीने वाचली. वाचून तिचं मत बनलं ते कायमचं: चोर धरायला एक शेरीफ हवा, भांडण तोडायला एक न्यायाधीश हवा, सीमेवर शिपाई हवेत. बाकीच्यांनी घरी जाऊन आपली डुकरं पाळावीत.

लायल प्रॉक्टरला एवढंही सरकार नको होतं. लायल इलेक्ट्रिशियन, बावीस वर्षांपूर्वी ओहायोतून आला आणि नदीपलीकडे राहिला. गावातल्या निम्म्या घरांच्या तारा त्याने ओढलेल्या, आणि परवाना एकाही घरासाठी घेतलेला नाही. काटकुळा, मोठ्या आवाजाचा, हसला की खोकायचा. दर रविवारी तो हेस्टरच्या शेडमध्ये येऊन उलट्या बादलीवर बसायचा आणि भांडायचा. बाहेरून सरकारला कंटाळून आलेली आणखी पाच-सात माणसं असायची, पण खरी कुस्ती या दोघांचीच.

"तुझं ते छोटं सरकार म्हणजे अस्वलाचं पिल्लू गं," लायल म्हणायचा. "आज मांडीवर घेतेस. पुढच्या वर्षी? कुंपणच शेत खातं, हेस्टर. राज्यघटना वाचलीस ना? मग सांग, त्या कागदाने त्या ब्लीचवाल्याला अडवलं का?"

"आणि तुझ्या राज्यात काय? बळी तो कान पिळी."

"छे! प्रत्येकाने आपापली रक्षक मंडळी ठेवायची. भांडण झालं की दोघांनी मिळून पंच नेमायचा."

"आणि हरलेल्याने पंचाचं ऐकलंच नाही तर?"

"तर त्याच्याशी कोणी व्यवहार करणार नाही. उपाशी मरेल."

"त्याच्या हातात बंदूक असली तर उपाशी तो नाही, तू मरशील. आणि काय रे, तुझी बायको बर्निस सरकारच्या पोस्टात बसते. तिच्या पगाराचे बटाटे गिळताना घशात नाही अडकत?"

एकदा हे इतकं पेटलं की लायलने कॉफीचा मग भिंतीवर फोडला. त्याची कपची हेस्टरच्या गालाला लागून रक्त आलं. तिने उठून त्याचा कान असा पिळला की तो गुडघ्यावर आला. मग दोघंही हसायला लागले. गालाला टाका लायलनेच घातला, तिच्याच सुईने.

बिनसलं ते ड्वाइट सेल्स आल्यावर. सेल्स पूर्वी खाजगी सुरक्षेच्या धंद्यात होता. त्याने लायलच्या वरच्या अंगाची जमीन घेतली आणि 'ढाल' नावाचं रक्षक मंडळ काढलं: सहा माणसं, सहा रायफली, एकसारखी करडी जाकिटं. लायलला तो सुरुवातीला फार आवडला. "बघ," तो हेस्टरला म्हणाला, "मी नुसता बोलतो, हा माणूस करून दाखवतोय."

सेल्सच्या जमिनीत एक झरा होता. जुन्या मालकाच्या तोंडी शब्दावर त्या झऱ्याचं पाणी चाळीस वर्षं नळीने खालच्या घरात, म्हणजे आता लायलकडे, येत होतं. सेल्सला तिथे तळं बांधायचं होतं. ऑगस्टमध्ये त्याने नळी कापली. कोर्टात लायलची बाजू भक्कम होती, कोणीही सांगितलं असतं. पण लायल म्हणाला, "त्या दाराची पायरी मी चढणार नाही." सेल्सही म्हणाला की कोर्ट त्याला मान्य नाही. मग पंच नेमायचं ठरलं, आणि दोघांनीही एकच नाव घेतलं: हेस्टर.

"मी? मला तर तुमचं हे खूळच पटत नाही."

"म्हणूनच," लायल म्हणाला. "तू खोटं बोलणार नाहीस."

सेल्सचा हिशेब वेगळा होता. ही बाई आयुष्यभर 'ज्याची जमीन त्याचा हक्क' म्हणत आली, ती आपल्याच बाजूने जाईल, असं त्याला वाटलं. दोघांनी कागदावर सही केली की निकाल मानू.

हेस्टरने तीन दिवस घेतले. बादली आणि घड्याळ घेऊन झऱ्याची धार मोजली, नळी उकरून बघितली, जुन्या मालकाच्या विधवेला जाऊन भेटली. मग सगळ्यांसमोर सांगितलं: जमीन सेल्सची, वाद नाही. पण ती जमीन त्याने चालू नळीसकट घेतली. पाणी निम्मं निम्मं, आणि कापलेली नळी सेल्सने जोडून द्यायची.

सेल्सने निकाल शांतपणे ऐकून घेतला. चार दिवसांनी त्याची चिठ्ठी आली: 'ढाल' मंडळाने निकाल तपासला, पंच लायलचा जुना मित्र असल्याचं आढळलं, सबब निकाल रद्द.

"तपासला कोणी?" हेस्टरने विचारलं. "त्यानेच?"

लायलने चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. त्या रविवारी तो पहिल्यांदाच न भांडता घरी गेला. सोमवारी सकाळी त्याने फावडं घेतलं आणि नळी स्वतः जोडायला वर चढला.

नऊच्या सुमाराला बर्निसने खिडकीतून पाहिलं. सेल्स आणि चार करडी जाकिटं उतारावरून आली. बोलाचाली झालीच नाही. एकाने लायलच्या हातातलं फावडं हिसकलं आणि दांड्यानेच त्याच्या बरगड्यांवर घातलं. तो पडल्यावर दुसऱ्याने बूट त्याच्या उजव्या हातावर रोवला आणि कोपर उलटं वळवलं. तो आवाज बर्निसला काचेतून ऐकू आला. कुत्रा धावून गेला, त्याला सेल्सने स्वतः गोळी घातली. मग खोपटातल्या दोन गाभण डुकरिणींना घातल्या. त्या लवकर मरेनात, ओरडत राहिल्या. जाताना सेल्स बर्निसला म्हणाला, "मालमत्तेत घुसखोरी केली, बाई. आम्ही बजावलं होतं."

बर्निसने बोलावल्यावर हेस्टर पोचली तेव्हा लायल स्वयंपाकघरातल्या जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. ती आधी डुकरिणींकडे गेली. एक अजून तडफडत होती, तिचा गळा चिरून तिला मोकळं केलं. तसेच लाल हात घेऊन ती आत आली.

"मी शेरीफला फोन करते."

"नको." लायलने डाव्या हाताने तिची पोटरी धरली. "ऐक माझं. बर्निस मला इस्पितळात नेईल. फोन करू नकोस. ते लोक आले की कोणाला तरी घेऊनच जातात."

"मारेकऱ्याला धरायचं, एवढं एकच काम मी जन्मभर त्यांच्याकडे मागत आले, लायल. तेसुद्धा मागू नको?"

"नको."

ती अंगणात गेली आणि तिने फोन केला. मारहाण, बंदुका, सहा माणसं, सगळं सांगितलं. फोन घेणाऱ्या बाईने विचारलं, घरात हत्यार आहे का. हेस्टर म्हणाली, "इथे प्रत्येक घरात आहे."

वीस मिनिटांत शेरीफची गाडी आली. भोंगा नव्हता. आत लायलला फक्त इंजिन आणि खडीवरची चाकं ऐकू आली. त्याला वाटलं, सेल्स परत आला. तो कसा उठला कोणास ठाऊक. डाव्या हातात शॉटगन घेऊन तो दार ढकलून ओसरीवर आला.

"टाक! खाली टाक!" शेरीफचा एक डेप्युटी गाडीच्या दाराआडून ओरडला.

"हा तो नाही! घरमालक आहे! मार खाल्लेला हा आहे!" हेस्टर मधे धावली.

लायलने मान वळवली, बहुधा तिच्या आवाजाकडे. मानेबरोबर बंदूकही वळली. तीन गोळ्या लागोपाठ झाल्या. दोन छातीत लागल्या, तिसरी दाराच्या चौकटीत. तो पायऱ्यांवरून डोकं खाली, पाय वर असा घसरत आला आणि शेवटच्या पायरीशी थांबला. हेस्टरने छाती दाबून धरली. किती रक्त गेलं की जनावर राहत नाही, हे तिला बोटांनी कळायचं. तिने तरीही हात काढले नाहीत.

गोळी झाडणारा डेप्युटी पंचविशीचा असेल. तो चाकाशी वाकून ओकला. मग रडत रडत म्हणाला, "त्याने टाकली का नाही? टाकायची होती ना!"

बर्निस ओसरीवर उभी होती. तिने हेस्टरकडे बघितलं, एवढंच.

चौकशी झाली. डेप्युटीचा दोष नाही, असा अहवाल आला. 'ढाल'च्या माणसांनी एकच जबानी दिली की लायल उतारावरून पडला; मार खाल्लेला साक्ष द्यायला नव्हता. बर्निसने सांगितलं ते लिहून घेतलं गेलं आणि कपाटात गेलं.

दफनाला साठेक माणसं आली. सेल्सही आला, दंडावर काळी पट्टी बांधून. खड्ड्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, "मित्रहो, लायल आणि माझ्यात एक किरकोळ मतभेद होता. पण त्याला मारलं कोणी? सरकारने. आणि सरकारला बोलावलं कोणी?" त्याने हेस्टरकडे बोट दाखवलं. "थोडंसं सरकार हवं म्हणणारे हे लोक. लायल आमच्या विचारांचा हुतात्मा आहे."

मातीच्या ढिगात फावडं रोवलेलं होतं. हेस्टरने ते उपटलं. सेल्सने उजवा हात आडवा धरला तेवढ्यात पहिला घाव बसला आणि चार बोटं पानासारखी लोंबली. दुसरा जबड्यावर बसला. तो खाली पडल्यावर तिने तिसऱ्यांदा फावडं उचललं, पात्याची धार खाली करून. तेव्हा तीन माणसं तिच्या अंगावर पडली. तिचं नाक फुटलं, दोन बरगड्या गेल्या. खाली दबलेली असताना ती ओरडत होती ते फक्त एवढंच: "सही केली होती त्याने! सही केली होती!"

जबड्याला तार बांधलेली, बोलता येईना, तरी सेल्सने पहिलं काम कोणतं केलं? सरकारी वकिलाकडे जाऊन फिर्याद लिहून दिली.

हेस्टरचा वकील खूश होता. "ज्यूरी याच भागातली असणार," तो म्हणाला. "लायलने तारा ओढून दिलेली घरं निघतील त्यातली. कायदा काही म्हणो, हे बारा जण तुम्हाला सोडतील. फक्त तोंड बंद ठेवा."

"मी मारलं ना पण त्याला."

"ते मला सांगू नका हो!"

"तिसरा घाव बसला असता तर तो मेला असता. मला तो मरायलाच हवा होता." तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "वीस वर्षं मी लायलशी भांडले की मारहाण करणाऱ्याला धरायला कोणीतरी हवं. आता मी मारहाण केली, तर मलाच सोडा म्हणू?"

"पण डेप्युटी सुटला. सेल्सची माणसं सुटली. तुम्हीच तेवढ्या शहाण्या?"

"ते सुटले ते चूक झालं. आणखी एक चूक कशाला?"

तिने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय का. ती म्हणाली, "निवाडा मी दिला होता, साहेब. तो राबवायला मी जायला हवं होतं, पहिल्याच दिवशी, पाच-दहा जण घेऊन. मी निवाडा दिला आणि घरी जाऊन जेवले."

अकरा महिने तुरुंग झाला. शिक्षा झालेल्याला बंदूक बाळगता येत नाही, त्यामुळे धंदाही गेला. जनावर पहिल्या गोळीतच पाडायचं असतं; ते ती दुसऱ्याला कसं सांगणार? तुरुंगात एका बाईने जेवणाच्या रांगेवरून तिचा दात पाडला आणि तिने त्या बाईचा अंगठा मोडला. त्यापलीकडे तिथलं ती कधी बोलली नाही. बर्निस एकदाच भेटायला आली. काचेपलीकडे बसून विचारलं, "तू फोन केला नसतास तर?"

"माहीत नाही," हेस्टर म्हणाली. "रोज विचार करते. माहीत नाही."

बर्निसने मान हलवली आणि निघून गेली.

हेस्टर सुटली तोवर सेल्स जमीन विकून आयडाहोला गेला होता. उजव्या हाताने त्याला पेला धरता येत नव्हता म्हणे. त्याच्या सहातले चौघं आपसात भांडून एकमेकांवर गोळ्या झाडून मोकळे झाले. एक लंगडा झाला.

मार्चमध्ये गावसभा भरली. ठराव होता: गावाच्या बंदोबस्तासाठी शेरीफशी असलेला करार मोडावा, पोलीसच नकोत. हेस्टर उठली. आवाज बसका झाला होता. "करार मोडा," ती म्हणाली, "पण त्या जागी गावातलाच एक माणूस निवडा. ज्याला प्रत्येक घरातला माणूस तोंडावरून ओळखता येतो असा. आणि तो चुकला तर पुढच्या सभेत इथेच उभा करा."

"म्हणजे परत सरकारच!" मागून एक जण ओरडला. "लायलला विकून पोट भरलं नाही का, म्हातारे?"

"पोलीस हवेतच!" दुसरीकडून आवाज आला. "तुझ्यासारख्यांसाठीच हवेत, खुनशी बाई!"

खुर्च्या सरकल्या, दोघं गळ्याला भिडली, अध्यक्षाने हातोडी आपटून आपटून तिचा दांडा मोडला. हेस्टरच्या सूचनेला एकोणीस मतं पडली. मूळ ठरावही पडला. सगळं होतं तसंच राहिलं.

बाहेर ऊन पडलं होतं, बर्फाचा चिखल झाला होता. तिच्या गाडीचं पुढचं चाक कोणीतरी सुरीने फाडलं होतं. हेस्टरने जॅक काढला आणि चिखलात गुडघे टेकले. माणसं बाजूने जात होती. कोणी शिवी देत, कोणी नजर चुकवत.

बर्निस सभेतून सगळ्यांच्या मागून आली. थांबली. वाकून तिने हात पुढे केला. हेस्टरने एकेक नट सोडवून तिच्या तळव्यावर ठेवला, पाचही. नवं चाक बसेपर्यंत बर्निस ते मुठीत घट्ट धरून उभी राहिली.