खिडकीवरचं ओलं लुगडं

"ताई, आई झोपली. उठूनच नाई राह्यली..."

महिन्याभरापूर्वी सकाळी मुलचेऱ्यात, माझ्या सासरी, फोन वाजला आणि बेबीनं शकुनकाकू गेल्याची बातमी अशी दिली. बेबी ही काकूची एकुलती एक लेक, माझ्याहून थोडी लहान. मरण तिला कळत नाही असं नाही. तिला तो शब्द काकूसाठी वापरायचा नसावा.

माझी आई लवकर गेली, तेव्हापासून माजरीतलं काकूचं घर हेच माझं माहेर. वस्ती खाणीला लागून. कच्चा कोळसा अंगणात ढीग करून पेटवायचा, धूर निघून गेला की विझवायचा आणि मग तो सिगडीत घालायचा. धूर बाहेरच गेला म्हणजे घर वाचलं, अशी सगळ्यांची समजूत. संध्याकाळी अंगणाअंगणातून धूर निघे, घरं अर्धी दिसत, अर्धी विरघळून जात... मला ते फार सुंदर वाटे. अजूनही स्वप्नात माजरी तशीच येते. बेबी पोटात असताना काकू थंडीची त्याच ढिगाजवळ शेकत बसायची.

बेबी उशिरा चालली, त्याहून उशिरा बोलली. शाळेत कालचं अक्षर तिला आज नवं वाटे. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की गरोदर बाईच्या श्वासातून गेलेला धूर, धूळ बाळाच्या मेंदूच्या वाढीला बाधू शकते. पण बेबीचं त्यानंच झालं, असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, असंही त्या म्हणाल्या. काकूनं पहिलं वाक्य घरी आणलं, दुसरं तिथंच राहिलं. अंगणातला ढीग बंद झाला. दुपारी खाणीकडून वारा सुटला की ती आपलं निळं लुगडं भिजवून खिडकीवर टांगायची. खोली निळी, गार होऊन जायची आणि बेबी नि मी पाण्याच्या तळाशी असल्यासारख्या पडून राहायचो. काका चिडवायचे, "वाऱ्याले गाळून राह्यली का?" ती हसायची नाही.

माझं लग्न झालं, मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही आपली रीत. सातव्या महिन्यात मी पिशवी भरून बसले, तर काकूचा फोन.

"इथी नको येऊ, पोरी."

"काऊन, काकू?"

"इथली हवा मले ठाव हाये. मीच येतो तुह्याकडे."

सासूबाईंनी ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. मी रडले, रागावले. असलं कसलं माहेर! दोन दिवसांनी काकू बेबीला घेऊन दारात हजर झाली आणि आल्या आल्या मला चुलीपासून हुसकावलं. त्यावरून तिची नि सासूबाईंची जी जुंपली, ती माझ्या लेकीच्या, अन्वीच्या बारशापर्यंत. पुढं अन्वी बोलू लागेपर्यंत काकू दर फोनवर एकच विचारायची, "बोलली का?" एकदा फोनवरच अन्वी "बेबी" म्हणाली. पलीकडून काकू रडत लेकीला सांगत होती, "बेबे, पोरगी तुह्यं नाव घेऊन राह्यली!" त्या रडण्यात आनंद किती आणि काय काय होतं, ते मी कधी विचारलं नाही. मला हिंमतच झाली नाही.

काका तर काकूच्या आधीच गेले होते. परवा बेबीला माझ्याकडे आणायला माजरीला गेले, सोबत अन्वी. शेजारीण सांगत होती, काकू गेल्यापासून बेबीनं खिडकीकडे पाहिलंही नाही, ओट्यावर काळी पूड साचली आहे. दुपार झाली, वारा सुटला. बेबी उठली. पेटीतून निळं लुगडं काढलं, बादलीत बुडवलं, काकूसारखंच अर्धवट पिळलं आणि स्टुलावर चढून खिडकीवर टांगलं. खोली निळी झाली. मला वाटलं, आता मागून काकूची हाक येईल.

"बेबे, आपण तर निघून राह्यलो," मी म्हटलं.

तिनं अन्वीला खिडकीपासून दूर, माझ्या मांडीवर आणून बसवलं.

"घरात लेकरू हाये ना, ताई."

आम्ही वारा पडेपर्यंत थांबलो.