आईच्या डोळ्यांचा रंग

कुमासी शहरातली निम्मी मयतं फ्रेमा सारपोंगच्या हातून गेली होती, म्हणजे त्यांचे फोटो. माणूस गेलं की घरचे त्याचा एखादा बरा फोटो घेऊन तिच्याकडे येत. ती लॅपटॉपवर चेहरा उजळायची, डोळ्यांचं पांढरं आणखी पांढरं करायची आणि दारावर लावायचा मोठा बॅनर छापून आणायची.

मागच्या महिन्यात मात्र एका म्हाताऱ्याचा चेहरा बॅनरवर कोळशासारखा उतरला. मयताच्या भर मांडवात त्याची बहीण म्हणाली, "हा माझा भाऊ? ह्याची तर सावली टांगलीय तुम्ही."

दोष लॅपटॉपचा. त्याचा स्क्रीन जुना, भलताच उजळ आणि निळसर. त्यावर सगळेच ताजेतवाने दिसत, छपाईत मात्र कधी कधी काळवंडत. तरी फ्रेमानं आणखी काही दिवस रेटलं असतं. पण येत्या शनिवारी तिच्या स्वतःच्या, नुकत्याच गेलेल्या आईला निरोप द्यायचा होता. आईची सावली टांगायची नव्हती तिला.

म्हणून लॅपटॉप आणि आईचा पाच वर्षांपूर्वीचा छापील फोटो घेऊन ती दोन्कोरच्या जुन्या मॉनिटरच्या दुकानात गेली. तो फोटो बघून आई म्हणाली होती, "हां, ही मीच."

"हा घ्या, आंटी," भाजलेलं केळं चघळत दोन्कोर म्हणाला. "भिंतीएवढा आहे. ह्यावरची पपई बघा, चावावीशी वाटतेय."

"मला पपई नाही छापायची."

"मग ही नटी बघा."

"गोरी आहे ती. गोरी बाई कुठेही छान दिसते. माझा लॅपटॉप जोड."

तोच फोटो स्क्रीनवर लावून तिनं छापील फोटो शेजारी धरला. भिंतीएवढ्यावर आईचं लाल लुगडं पेटल्यासारखं दिसलं, आणि काचेत आईपेक्षा फ्रेमाच जास्त. दुसऱ्यावर ती जरा वाकली आणि आईचा रंगच बदलला.

"वाकले की आई करडी पडतेय रे."

"मग वाकू नका ना."

आई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. कोपऱ्यात एक लहान, मळकट मॉनिटर होता, बंद पडलेल्या छापखान्यातला.

"तो कुणी नेत नाही, आंटी. त्यावर सगळे मेल्यासारखे..." दोन्कोरनं जीभ चावली.

फ्रेमानं फोटो धरला. गालाची हाडं, भुवईजवळचा व्रण, हनुवटीखालचा काळोख, सगळं जसंच्या तसं.

"हाच दे."

दुपारी मामा आला. घराण्याचा मोठा तो. बॅनर त्याच्या नजरेखालून जायचा होता. फ्रेमानं आईचा शेवटचा फोटो उघडला, ईस्टरचा, गावच्या चर्चच्या अंगणातला. त्या दिवशी चाळीस जणांचे फोटो काढून ती संध्याकाळीच परत आली होती. नंतर फोनवर आई म्हणाली होती, "हल्ली अन्न जात नाही गं." लॅपटॉपवर हाच फोटो बघत फ्रेमा म्हणाली होती, "फोटोत तर नवरी दिसतेयस."

आता मळकट मॉनिटरवर तोच फोटो ती नुसती बघत राहिली.

"काय झालं?" मामानं विचारलं.

"आईचे डोळे. पिवळे आहेत."

मामा पुढे झुकला. "डॉक्टरनं काविळीचं शेवटच्या आठवड्यात सांगितलं. हा कधीचा फोटो?"

"ईस्टरचा. चार महिने माझ्याकडे होता, मामा."

तो सरळ झाला. मग म्हणाला, "पांढरे कर. लोक येणारेत."

"मामा..."

"सगळ्यांचे करतेस ना? तसे कर."

तिनं डावा डोळा पांढरा केला. त्या बाजूनं आई पुन्हा नवरी दिसायला लागली. उजव्याकडे हात जाईना. मामानं स्टूल ओढलं आणि शेजारी बसला. आटप म्हणाला नाही. शेवटी तिनं तोही केला.

बॅनर छान आला. शनिवारी मांडवात बायका म्हणत होत्या, "अगदी आपली आबेना. आजारी होती असं वाटतं का?"

फ्रेमा बॅनरकडे पाठ करून उभी होती.