बोललं जाईल तेवढंच

शहर जिथे संपत आलं होतं, तिथे बसच्या शेवटच्या थांब्यासमोर ती सरकारी माध्यमिक शाळा होती. तिथे चार खास विभाग होते: संगीत, खेळ, विज्ञान आणि कर्णबधिर. पहिल्या तिन्हींसाठी प्रवेश परीक्षा असे, चौथ्याला डॉक्टरांचा दाखला पुरे. कर्णबधिर मुलांचे वर्ग तळमजल्यावर, बरोब्बर संगीताच्या खोलीखाली. ही जागा ठरवणारा माणूस फार हुशार असला पाहिजे, असं शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणत. मुलांना मात्र वरचा ड्रम बाकातून कळायचा आणि ती त्यावर पाय हलवत बसायची.

या विभागात बाई एकोणीस वर्षं दुभाषी होत्या. शिक्षकांच्या शेजारी उभं राहायचं आणि ते बोलतील ते हातांनी मुलांना सांगायचं. पेशींची रचना, जुने तह, लसावि, मसावि, सगळं. नियम एकच होता: बोललं जाईल तेवढंच सांगायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. एकदा भूगोलाचे सर वैतागून म्हणाले, "यांच्या डोक्यात काही शिरतच नाही." बाईंनी ते सांगितलं. "अहो, हे कशाला सांगताय?" सर म्हणाले. बाईंनी तेही सांगितलं. वर्ग हसून हसून बेजार झाला.

खुणांची ही भाषा बाई उशिरा शिकल्या होत्या. त्यांचा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. घरात त्याच्याशी बोलायला ये, जा, जेव, नको एवढ्याच खुणा होत्या. तो पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होता आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा त्याच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? नेमकं कुठे? घरातली चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते विचारायचं कसं, हे एकालाही येत नव्हतं. चौथ्या दिवशी तो गेला. त्यानंतर बाईंनी वर्गात नाव घातलं. "माझं शिकणं म्हणजे वरातीमागून घोडं," असं त्या म्हणायच्या, पण म्हणताना हसायच्या नाहीत.

दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तल्लख, आणि वर्गातली सगळ्यांत बडबडी. तिचे हात एक क्षण स्वस्थ नसत. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. शाळेने पालकांसाठी खुणांचा वर्ग काढला, तेव्हा कामावरच्या कपड्यांतच येऊन पहिल्या बाकावर बसणारे ते एकटेच.

एका मंगळवारी दुपारी शिपाई वर्गात आला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्या मुलीला आणि बाईंना बोलावलं होतं. दारातच मोठ्या बाईंनी बाईंच्या कानात सांगितलं: मुलीचे वडील सकाळी कामावर असताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

मुलगी खुर्चीत बसली. मोठ्या बाई म्हणाल्या, "बाळ, तुझ्या बाबांना बरं वाटेनासं झालं. दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. आता तू आईला धीर द्यायचास."

बाईंनी शब्दाला शब्द सांगितलं.

मुलीने विचारलं, "ऑपरेशन आहे का? मी भेटायला जाऊ?"

बाईंनी ते बोलून दाखवलं. मोठ्या बाई टेबलावरची फाईल सरळ करत म्हणाल्या, "तुझे काका येताहेत. तुला घरी नेतील."

"घरी का? दवाखान्यात का नाही?"

मोठ्या बाईंचे डोळे भरून आले. त्या काही बोलेनात. बाईंचे हात हवेत थांबले होते आणि मुलगी त्या हातांकडे बघत होती. नियमाप्रमाणे आता सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

मग बाईंनी स्वतःहून सांगितलं. 'गेले' म्हटलं असतं तर ती खूण कुठेतरी जाण्याची झाली असती, म्हणून त्यांनी दुसरी, स्वच्छ खूण केली. "तुझे बाबा वारले. आज सकाळी."

मुलीने डोळे मिटून घेतले. आता कुणालाच तिला काही सांगता येणार नव्हतं. काका येईपर्यंत तिने ते उघडले नाहीत.

पंधरा दिवसांनी ती शाळेत आली, पण बाईंकडे बघेना. फळ्याकडे बघायची, नाहीतर वहीत मान घालायची. बाई तिच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत सगळे तास सांगत राहिल्या. महिन्याभराने मुलीने अर्ज दिला: मला दुसरा दुभाषी हवा. मोठ्या बाईंनी बाईंना आठवीवर पाठवलं. "मी बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर आलं."

"कुणावर तरी येणारच होतं," बाई म्हणाल्या.

मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात वसतिगृहावर गेली. जाताना ती बाईंना भेटली नाही.

त्यानंतर एका शनिवारी तिची आई शाळेत आली. शिवणकाम करणारी, अबोल बाई. बराच वेळ पिशवीचे बंद चाळवत बसली. मग म्हणाली, "ताई, घरी तिच्याशी तेच बोलायचे. ते मला सांगायचे ती काय म्हणतेय. मला वाटायचं, ते आहेत ना. आता ती फोनवर चित्रातून दिसते, मी हात हलवते, आणि दोघी नुसत्या बघत बसतो."

"दर शनिवारी याल?" बाईंनी विचारलं.

ती यायला लागली. सुई धरून बोटं आखडली होती, खुणा नीट उमटत नसत. 'पाऊस' आणि 'रडणं' यांत तिचा हमखास घोळ व्हायचा. पण तिने एकही शनिवार चुकवला नाही.

वर्षभराने तिने बाईंसमोरच मुलीला फोन लावला. बाई फोनमध्ये दिसणार नाहीत अशा बाजूला बसल्या. आईने अडखळत सात-आठ वाक्यं सांगितली. पलीकडे मुलीचे हात आधी थबकले, मग भराभर चालू लागले. आईला सगळं कळेना, तिने हळू सांगायला लावलं.

"ती विचारतेय, कुणी शिकवलं," आई बाईंना म्हणाली.

"तुम्हीच सांगा. ती तुमच्याशी बोलतेय."

आईने सांगितलं, शाळेतल्या बाईंनी. मुलीने विचारलं, तू वेळेवर जेवतेस ना? आई सांगत बसली. बाई उठल्या आणि चहाचे दोन कप विसळायला बाहेरच्या नळावर गेल्या.