बॅगेतलं हापिस

"पोरगं करतंय काय?" या एका प्रश्नावर माझी दोन-तीन स्थळं फिसकटली होती.

मी करत होतो ते असं. नव्वदच्या दशकात उचगावजवळच्या एका फौंड्रीत बोर्डावर वाकून मशीनच्या भागांची ड्रॉइंगं काढायचो. मग कॉम्प्युटर आला, इंटरनेट आलं, आणि जर्मनीतल्या एका कंपनीला मी तसलीच ड्रॉइंगं घरबसल्या काढून पाठवायला लागलो. घरबसल्या जमतंय म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. घर तरी कशाला पाहिजे? लॅपटॉप पाठीला लावला आणि निघालो. व्हिएतनाम, तुर्कस्तान, पोर्तुगाल. गल्लीत माझा रुबाब असा की विचारू नका. खरं सांगायचं तर पोर्तुगालचा समुद्र मी एकदाच बघितला, तोही नेट बंद पडलं म्हणून. इस्तंबूलला उतरल्यावर लोक मशीद कुठं आहे विचारतात, मी आपली पिन बसेल असा सॉकेट कुठं मिळेल ते विचारत फिरलो. पण हे गल्लीत कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्याकडं मुलगी द्यायच्या आधी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये चौकशी होते. सलूनवाल्यानं बिचाऱ्यानं बघितलं तेच सांगितलं. "घरातच असतंय की दाढी वाढवून. मधनंच चार-चार महिनं गायब हुतंय, मग परत येतंय." ऐकणाऱ्यांनी अर्थ लावला की पोरगं अधनंमधनं आत जाऊन येतंय. एका पावण्यांनी तर माझ्या आईला तोंडावर विचारलं, "आत्ता जामिनावर हाय काय?" आई त्या दिवशी जेवली नाही. मी मात्र खो खो हसत होतो. तिशी कधीच उलटून गेलेली, आणि मी हसतोय. बोंबला!

अशात मुरगूडचं स्थळ आलं. मुलगी शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या एका शाळेत शिक्षिका. तिथंच खोली घेऊन राहायची, रविवारी घरी यायची. त्या रविवारी आम्ही बघायला गेलो. पोहे देऊन ती समोर बसली. माझी आई तिला स्वयंपाकाचं विचारत होती आणि ती उत्तरं देता देता माझ्या पाठीवरच्या बॅगेकडं बघत होती, गालातल्या गालात हसत. मुलगी बघायला कुणी बॅग घेऊन येतं का? मला ती आवडली. एकदम आवडली. चमच्यातले पोहे शर्टावर सांडले एवढी आवडली. हे स्थळ काही झालं तरी हातचं जाता कामा नये, एवढंच डोक्यात घुमायला लागलं.

तिच्या मामांनी सुपारी कातरत विषय काढला. "हापिस कुठं हाय पावणं?"

"या बॅगेत."

"आँ?"

"लॅपटॉपवर करतो, मामा. जगात कुठनंबी करता येतंय."

"मग करून दाखवा की!"

झालं. मामा, चुलते, शेजारचे दोघं, सगळे उठून माझ्या मागं उभे राहिले. मी एक वर्तुळ काढलं. घाम फुटल्यामुळं ते चुकलं, पुसलं, परत काढलं.

"ह्येचा पगार देत्यात व्हय?" मामांनी विचारलं.

"देतात की."

"आयला! लई भारी हाय मग." माझी छाती शर्टात मावेना.

मग मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला परसात पाठवलं. म्हशींच्या शेजारी उभी राहून ती सरळच म्हणाली, "माझी बदली लवकर व्हायची नाही, आणि नोकरी मी सोडणार नाही. तुम्हाला कुठनंही काम करता येतं म्हणालात. मग माझ्या शाळेच्या गावातनं कराल?"

मनात हो होतं. देवाशप्पथ होतं. पण तोंडातनं आलं, "तिथं रेंज येते काय?"

"येते की. शोधावी लागते."

"मग मी बघून सांगतो."

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. परतीच्या गाडीत मला वाटत होतं, काय जबाबदारीनं बोललो आपण!

दुसऱ्याच दिवशी मी एस.टी. धरली. भाताच्या खाचरांच्या वर गाव, गावाच्या वर शाळा. मोबाइल हातात उंच धरून मी सगळं गाव पालथं घातलं. देवळापुढं नाही, चावडीवर नाही, विहिरीच्या कठड्यावर नाही. एका म्हातारीनं काळजीनं विचारलं, "काय हरवलंय रं लेकरा?" शेवटी शाळेमागच्या खडकावर चढलो आणि रेंज आली. भरपूर आली! मी तिथनंच बोंब ठोकली, "हाय की! रेंज हाय!"

शाळेची मधली सुट्टी झाली होती. ती व्हरांड्यातनं उतरून खडकाखाली येऊन उभी राहिली. तोवर मनात माझी खडकाशेजारी खोली घेऊन झाली होती, चुलीवर चहासुद्धा ठेवून झाला होता.

"हो म्हणायला आलोय," मी वरनंच ओरडलो.

"मी सकाळी निघताना घरी नको म्हणून सांगून आले," ती म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांत होती. "या खडकावर रेंज येते ते मला माहीत आहे. आईला मी इथनंच फोन करते."

"मग काल का नाही सांगितलं?"

"तुम्ही नुसतं येतो म्हणाला असता, तर सांगितलं असतं."