मशीनीनं घर खाल्लं

माझ्या थोरल्या दिरांनी माझ्या वॉशिंग मशीनची पिन पकडीनं कापली, तेव्हा घरात पाहुणे होते. त्यांचे सासरे जयसिंगपूरहून आले होते आणि सोप्यात बसून चहा पीत होते. वीज बिल नुकतंच आलं होतं. दिरांनी, म्हणजे दादांनी, ते सासऱ्यांपुढं धरलं आणि म्हणाले, "बघा मामा, दुप्पट आलंय. ह्या मशीनीनं घर खाल्लं की! मास्तरीणबाईंना हात भिजवायला नकोत."

मी ट्रे घेऊन उभी होते. दादा मोरीपाशी गेले, पिन उपसली आणि कचकन कापून खिशात टाकली. माझे मिस्टर बिलाकडं बघत राहिले. जाऊ, म्हणजे अक्का, स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मी कपबशा गोळा केल्या, आत गेले, आणि पहिल्यांदा जाणवलं की रागानं माणसाचे दात दुखतात.

ते मशीन मी माझ्या शाळेच्या पगारातून घेतलं होतं. माझं माहेर आजऱ्याचं. आई काजूच्या कारखान्यात बी फोडायची. टरफलाच्या तेलानं तिची बोटं काळी पडली होती, कातडं सोलून निघायचं. धुण्याच्या सोड्यानं माझ्या हातांचंही तसंच व्हायला लागलं. भेगा पडायच्या, फळ्यावर लिहिताना खडूची पूड त्यात जायची. म्हणून मशीन घेतलं. नव्वदीची शेवटची वर्षं होती, आमच्या गल्लीत तसं पुढून दार असलेलं, पाणी तापवणारं मशीन दुसरं नव्हतं. आता ते पिन नसलेल्या वायरीसकट मोरीत उभं होतं आणि मी पुन्हा दगडावर कपडे आपटत होते.

"थोरला हाय, सोड," मिस्टर म्हणाले.

मी सोडलं नाही. दादांनी मला चारचौघांत खाली पाहायला लावलं होतं. मला त्यांना चारचौघांतच खाली पाहायला लावायचं होतं. पण आरडाओरडा करून ते होणार नव्हतं. बिल खरंच दुप्पट आलं होतं. वीज कोण खातंय, ते मला आधी कळायला हवं होतं.

आमच्या शाळेत विज्ञानाचे एक सर होते, निवृत्तीला आलेले. मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं. त्यांनी फळ्यावर मीटर काढला. "मीटरच्या काचेआड एक चकती फिरते. तिच्यावर एका जागी काळी खूण असते. मीटरवरच लिहिलेलं असतं, किती फेरे म्हणजे एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, एकच वस्तू चालू ठेवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. चोर आपोआप सापडेल." मग हसून म्हणाले, "आणि बाई, एक ध्यानात ठेवा. मोटर बिचारी गरीब असते. खादाड असतो तो हीटर."

नवी पिन त्यांनीच बसवून दिली, एका शनिवारी, दादा दुकानात असताना. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दादांचं कोल्ड्रिंक आणि आइस्क्रीमचं दुकान होतं. त्याला स्वतंत्र मीटर होता. घराचा मीटर मात्र बाजूच्या बोळात, आणि त्याचं बिल दोघा भावांत निम्मं निम्मं.

अक्का मला सामील झाल्या. "मी दुकानाच्या दारात हुबी ऱ्हाते. हे आत याला लागले की खोकते. तू काय मोजायचं ते मोज."

बोळात स्टूल टाकून मी वही घेऊन बसले. आमच्या मीटरवर सहाशे फेऱ्यांना एक युनिट लिहिलं होतं. मशीन नेहमीसारखं गरम पाण्यावर लावलं, आणि ती चकती अशी सुटली की काळी खूण मोजता मोजता डोळे फिरले. तीन सेकंदाला एक फेरा! पाणी तापून हीटर बंद झाला तशी ती एकदम मंदावली. नुसता ड्रम फिरताना वीस-वीस सेकंद एक फेरा संपत नव्हता.

दुसऱ्या शनिवारी तेवढेच कपडे गार पाण्यावर लावले. सगळं धुणं, खळबळणं, पिळणं धरून गरम धुण्याच्या चौथाईसुद्धा फेरे झाले नाहीत. म्हणजे दादांचं थोडं खरं होतं. मी रोज, अर्धा ड्रम रिकामा असताना, गरम पाण्यावर मशीन लावत होते. हे मी वहीत लिहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. आधी माझं स्वतःचं घर झाडून घेतलं. कॉलर आणि बाह्या आदल्या दिवशी साबणात भिजवायच्या, दोन दिवसांचे कपडे साठवून ड्रम भरायचा, बटण गारवर, आणि दादा दुकानात गेल्यावरच मशीन लावायचं. कपडे तसेच निघाले. दादांच्या सदऱ्यांसकट, कारण त्यांचे कपडेही अक्का गुपचूप माझ्याच मशीनीत टाकत होत्या.

पण हिशेब जुळेना. माझं गरम धुणंसुद्धा दिवसाला एखादं युनिट खायचं. बिल त्याच्या कितीतरी पुढं होतं.

मग एका दुपारी मशीन लावायच्या आधी मी घरातलं सगळं बंद केलं. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रीजसुद्धा. चकती थांबायला हवी होती. ती थांबली नाही. सावकाश, अर्ध्या मिनिटाला एक फेरा, आरामात फिरत होती. घरात काहीही चालू नव्हतं आणि घर वीज खात होतं.

मी मेन स्विच पाडून एकेक फ्यूज काढत गेले. एक काढायचा, मेन चालू करायचा, चकती बघायची. शेवटच्या फ्यूजला चकती जागच्या जागी थांबली. आणि भिंतीपलीकडून, दुकानातून, दादांचा आवाज आला, "आयला, फ्रीजर का बंद पडला?"

मी स्टुलावर बसूनच हसले. तोंडात पदर कोंबून हसले. आइस्क्रीमचा तो मोठा फ्रीजर! दुकानाच्या विजेचा दर महाग, म्हणून त्याची वायर भिंतीला भोक पाडून थेट घराच्या मीटरवर घेतली होती. त्याच्या झाकणाचं रबर फाटलेलं मी कितीदा पाहिलं होतं. तो कधी थांबतच नव्हता. रात्रंदिवस धरून पाचेक युनिटं होत होती, आणि त्यातलं निम्मं आम्ही भरत होतो, वर पिन कापून घेत होतो.

मी फ्यूज परत बसवला. मिस्टरांना सांगितलं नाही, अक्कांनाही नाही. अक्कांच्या पोटात गोष्ट राहत नसे. मी फक्त वाट बघितली, दादांचे सासरे परत कधी येतात याची. महिना गेला. त्या महिन्यात मी दादांना आग्रहानं वाढलं, त्यांच्या टोमण्यांवर मान हलवली. इतकं गोड मी आयुष्यात पुन्हा कधी वागले नाही.

सासरे एका रविवारी सकाळी आले. नाश्ता झाला. दादा मशीनीवरून काहीतरी बोललेच, त्यांना राहवायचं नाही. मी हात पुसत बाहेर आले.

"मामा, चष्मा हाय न्हवं जवळ? जरा बोळात या. मशीन किती खातंय ते दाखवते."

सगळे उठले. मी सासऱ्यांच्या देखत घरातलं एकेक बटण बंद केलं. मशीनची पिन उपसून त्यांना दाखवली आणि त्यांना बोळात मीटरसमोर उभं केलं. "आता बघा."

चकती फिरत होती. ते जयसिंगपूरचे धान्याचे व्यापारी, आयुष्य तराजूसमोर गेलेलं. त्यांनी चष्मा नीट केला, काळी खूण तीनदा समोरून जाऊ दिली. मी मेन पाडून शेवटचा फ्यूज काढला, मेन परत चालू केला. चकती थांबली. दुकानातली घरघर थांबली.

"मीटरच बिघडलाय," दादा म्हणाले.

सासरे त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "जावईबापू, घरच्याच माणसांस्नी काटा मारतायसा व्हय?"

दादांची मान खाली गेली. मी ती खाली जाताना पुरी बघितली, इंचाइंचानं. मग चिनी मातीचा तो फ्यूज मी पर्समध्ये टाकला. "मशीनीनं घर खाल्लं म्हणत होतासा, दादा. आज घराला उपास."

मिस्टरांना आणि मुलीला घेऊन मी नृसिंहवाडीला निघून गेले. मला ठाऊक होतं, सासरे संध्याकाळपर्यंत दुकानातल्या खुर्चीवर बसणार, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दादांना घराच्या लाइनीला हात लावता येणार नाही. दुकानाच्या लाइनीवर घ्यायचा तर फ्रीजरला पिन नव्हती, वायर थेट जोडलेली, आणि रविवारी वायरमन मिळत नाही. वाडीला घाटावर पाय पाण्यात सोडून बसले. देवापुढं हात जोडले, पण मनात आइस्क्रीम वितळत होतं. कवठाची बर्फी खाल्ली, दुसरी मागून घेतली. मिस्टर म्हणाले, "आता बास की." मी म्हणाले, "अजून एक."

दिवस मावळायच्या आत आम्ही परतलो. दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. आत अक्का गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होत्या. फ्रीजरमधून गळलेलं गुलाबी, पिवळं, पांढरं दूध कोपऱ्यापर्यंत गेलं होतं, मुंग्या लागल्या होत्या, आंबूस वास सुटला होता. दादा कुठंतरी निघून गेले होते. अक्कांनी वर पाहिलं.

"झाला तुझा सूड? त्यांनी काय, चपला घातल्या नि गेले. पुसायला मीच की."

पर्स बाजूला ठेवून मी त्यांच्याशेजारी बसले. पोती, फडकी, त्यांचं भिजलेलं लुगडं, सगळं मोरीत नेलं. मशीन भरलं, गारवर लावलं. ते फिरत असताना दोघी पाटावर बसलो. तेव्हा मी त्यांना सांगितलं की माझं मशीनही आधी फुकट वीज खात होतं, गरम पाण्यामुळं.

"मग त्यांचं थोडं खरं हुतं म्हण की."

"थोडं."

"ते त्यांस्नी सांगू नगंस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हाताला चिमटा काढला. चांगला जोरात काढला, वळ उठला. तो माझा दंड होता, मी निमूट घेतला.

महिन्याभरात दोन भावांचे दोन मीटर झाले. दादा माझ्याशी तीन वर्षं बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर भिंतीकडं बघून "सांगा त्यांना" म्हणायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. आमचं स्वतंत्र बिल आलं की मी ते बोळाच्या कोनाड्यात, युनिटांचा आकडा वर करून ठेवायचे. वर एक गोटा, वाऱ्यानं उडू नये म्हणून. दादांना दुकानात जायला तोच रस्ता. दर बिलाला, चुकता नाही. मिस्टर म्हणायचे, आता पुरे. अक्का म्हणायच्या, ठेव.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी खिडकीशी उभी होते. दादा बोळातून आले, इकडं तिकडं पाहिलं, गोटा उचलला. बिल हातात घेऊन लांब धरून वाचलं, मग खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचलं. ओठ हलत होते, बहुतेक स्वतःच्या आकड्याशी ताडून बघत होते. मग बिल जसं होतं तसं ठेवलं, गोटा नीट वर ठेवला आणि दुकानात गेले.

त्यांनी माफी कधी मागितली नाही. मी कधी दिलीही नसती. पण त्या दिवशी मला जेवण छान गेलं.